नगर परिषदेच्या हातात नक्की काय असतं?

अंगणातली_तुळस | ३ जून, सकाळी ७:५०

इंदूर नगर निगमाच्या (म्हणजे महानगरपालिकेच्या) हद्दीला अगदी चिकटून असलेल्या एका नगर परिषदेत आमची कॉलनी आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. २००९ मध्ये प्लॉट घेतला, २०१२ पासून राहतोय. इंदुरातल्या रामबागेतल्या दोन खोल्यांतून इथे आलो, तेव्हा दाराशी अंगण मिळाल्याचा आनंद एवढा मोठा होता की नाली कुठे जाते हे कुणी पाहिलंच नाही.

नाली कुठेच जात नाही. आमच्या ओळीत चौथ्या घरापर्यंत येते आणि एका रिकाम्या प्लॉटच्या तोंडाशी संपते. चांगला पाऊस झाला की तो प्लॉट भरतो आणि पाणी उलटं फिरून आमच्या ओट्यावर येतं. गेल्या श्रावणात देवघराच्या खालचा खण भिजला. सासूबाईंची जपून ठेवलेली पोथी उन्हात एकेक पान सुटं करून वाळवली, तरी शाई पसरली ती पसरलीच.

नगर परिषदेत चार वेळा गेले. उत्तर एकच: "मॅडम, आपकी कॉलोनी हस्तांतरित नहीं है." मग संपत्तिकर, जलकर कशाचा घेता? त्यावर कुणी बोलत नाही. माझी बहीण सुदामा नगरला राहते, ती निगमाच्या तक्रारींच्या ३११ अ‍ॅपवर फोटो टाकते आणि माणूस येतो.

मला समजून घ्यायचंय. छोट्या नगर परिषदेला काय करावंच लागतं, काय तिच्या मर्जीवर असतं आणि काय तिच्या हातातच नसतं? दुसरं म्हणजे, आमची वस्ती निगमात घ्या अशी मागणी आम्ही करावी का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय.

पोहे_जिरावन | ३ जून, सकाळी ८:१५

तुळसताई, पोथीचं वाचून वाईट वाटलं. जाणकार येईपर्यंत एक सांगतो: अर्ज नेहमी तीन प्रतींत न्यायचा. एक त्यांना, एक शिक्का मारून आपल्याला आणि एक, त्यांची हरवते तेव्हा परत त्यांनाच.

कायदेकानू | ३ जून, दुपारी १:३०

पोहेभिया, तिसरी प्रत खरंच लागते. माझ्या वकिलीतला अर्धा वेळ पावतीचा शिक्का शोधण्यात जातो.

ताई, तुमचे तीन प्रश्न कायद्यातच तसे वेगळे केलेले आहेत. निगमांसाठी १९५६ चा कायदा आहे आणि नगरपालिका-नगर परिषदांसाठी मध्यप्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१. त्यात कलम १२३ मध्ये अनिवार्य कर्तव्यं आहेत: सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती, झाडलोट, नाल्या, पाणी, आग विझवणं, जन्ममृत्यूची नोंद, स्मशान. पुढच्या कलमात ऐच्छिक कामं आहेत: बाग, वाचनालय, सभागृह वगैरे. पैसा उरला तर करावीत अशी.

आता 'सार्वजनिक' हा शब्द नीट बघा. तुमच्या कॉलनीतला रस्ता आणि नाली कॉलोनाइजरने (कॉलनी पाडणाऱ्या बिल्डरने) रीतसर सुपूर्द केली नसेल, तर परिषद म्हणते की ही मालमत्ता आमची नाही. कर घेणं वेगळं, हस्तांतरण वेगळं. कर घरावर असतो. अवैध वस्तीतल्या घरालाही कर लागतो, त्याने वस्ती वैध होत नाही. पावती दाखवून भांडलात तर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. भांडण दुसऱ्या कागदावर करायला हवं. कॉलनीची परवानगी कोणत्या वर्षाची आहे ते सांगा, मग लिहितो.

आणि हातात काय नसतं? १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू आहे. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, नगर नियोजनापासून कोंडवाड्यापर्यंत. पण घटनेच्या कलम २४३-ब (इंग्रजीत 243W) चा सूर असा आहे की राज्याचं विधिमंडळ हे अधिकार 'देऊ शकेल'. द्यावेच लागतील असं नाही. सगळी मेख त्या क्रियापदात आहे. जमिनीचा वापर कसा व्हावा हे राज्याचा नगर तथा ग्राम निवेश (नियोजन) विभाग ठरवतो आणि पाणी उलटं आलं की लोक परिषदेच्या दारात जातात.

पुण्याची_लेक | ३ जून, दुपारी ४:०५

लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा 'नाली' म्हणजे लहानशी नळी असेल असं मला वाटलं होतं. आमच्याकडे गटार. इथे नळाला 'नल', नगरसेवकाला 'पार्षद', मुख्याधिकाऱ्याला 'सीएमओ साब'. पंधरा वर्षांत मीही 'नल गेला' म्हणायला लागले आणि माहेरी सगळे हसतात.

विषयाचं सांगते. आमच्या शाळेत महात्मा फुल्यांचा धडा होता, पण ते १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते हे कुणी नीट शिकवलं नाही. मला ते फार मोठं वाटतं. एवढा मोठा माणूस पाणी, रस्ते, दिवे यांच्या सभांना बसत होता. आपण मात्र नगरपालिका म्हणजे हलकं राजकारण समजतो.

जुना_रामबाग | ३ जून, रात्री ९:२०

तुळसताई रामबागेतल्या, म्हणजे माहेरचीच माणसं. लेकीने फुल्यांचं काढलं म्हणून इंदूरचं सांगतो.

होळकर दरबाराने स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांना नगररचनेसाठी बोलावलं होतं. त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. त्या वेळी शहरात प्लेगची दहशत होती. गेडिस साहेबांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की ज्या भागातले लोक आपली घरं-गल्ल्या सर्वांत स्वच्छ करतील त्या भागातून ती जाईल. झालं, मोहल्ल्यामोहल्ल्यात चढाओढ. गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलाथोरला उंदीर होता आणि झाडू मारणारे सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत, हारतुरे घालून मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. माझे आजोबा तेव्हा लहान होते. त्यांच्या आठवणीत गेडिसचं नाव नव्हतं, 'गोऱ्याने उंदीर जाळला' एवढंच होतं.

हे सांगण्याचं कारण असं की लोक आपली गल्ली स्वच्छ करायला तयार असतात. पण गल्लीतून निघालेलं पाणी पुढे न्यायला कुणीतरी यंत्रणा लागते. तुळसताईंच्या ओळीत लोक आहेत, यंत्रणा नाही.

आणखी एक. आपल्या सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, सलग आठ वेळा खासदार झाल्या, पण त्याआधी त्या इंदूर निगमात होत्या, उपमहापौर होत्या. हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

सुपर_कॉरिडॉर | ४ जून, सकाळी १०:००

एवढा इतिहास कशाला? निगमात विलीन व्हा, विषय संपला. ८५ वॉर्डांचं शहर, २०१७ ते २०२३ सलग सात वेळा देशात स्वच्छतेत पहिलं. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा ५५० टनांचा बायो सीएनजी प्रकल्प आहे. २०२३ मध्ये निगमाने २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले. १५ वॉर्डांची नगर परिषद हे कधी करणार? छोट्या संस्था ठेवण्यात काही अर्थ नाही.

तळ्याकाठी | ४ जून, दुपारी १२:४०

सुपरभाऊ, मी त्या २९ गावांपैकी एका गावातला आहे जी निगमात आली. फायदा झाला, नाकारत नाही. रोज दारात कचऱ्याची गाडी येते हे आमच्या आजीला स्वप्नातही दिसलं नसतं.

पण गेलं काय ते तुम्हाला कळणार नाही. २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी ग्रामसभा असायची. लिंबाखाली सतरंजी. माझे वडील उभे राहून सरपंचाला विचारायचे, "तळ्याचा गाळ काढायचे पैसे आले होते, ट्रॉल्या किती निघाल्या?" सरपंच वही उघडायचा. खोटं बोलला तरी तोंडावर बोलावं लागायचं आणि ट्रॉली चालवणारा समोरच बसलेला असायचा. आता आमचं गाव एका मोठ्या वॉर्डाचा कोपरा आहे. अ‍ॅपवर तक्रार करता येते, पण प्रश्न विचारून चार माणसांच्या देखत उत्तर घेता येत नाही.

म्हणून ताई, घाईने विलीनीकरण मागू नका. आणि ते मागून लगेच मिळत नसतं, राज्य सरकार ठरवतं.

कायदेकानू | ४ जून, दुपारी २:१०

तळ्याकाठींना पूर्ण दुजोरा. घटनेने वॉर्ड समित्या सांगितल्या, पण त्या तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. गावाला ग्रामसभा, मोठ्या शहराला निदान कागदावर वॉर्ड समिती. मधल्या नगर परिषदांना दोन्ही नाही. तुळसताई नेमक्या त्या मधल्या पोकळीत राहतात.

रोकडवही | ४ जून, रात्री १०:४५

मी माळव्यातल्या तीन नगर परिषदांमध्ये आणि एका नगरपालिकेत लेखा शाखेत नोकरी करून निवृत्त झालो. अधिकारांवर बरंच लिहून झालं, मी पैशावर लिहितो.

जुन्या काळी गावाच्या वेशीवर चुंगी नाका असायचा. गाडीवर काय माल आहे ते बघून चुंगी घ्यायची आणि पैसा थेट पालिकेच्या तिजोरीत. मध्यप्रदेशात १९७६ मध्ये चुंगी बंद झाली. त्याच्या बदल्यात राज्य शासन 'चुंगी क्षतिपूर्ती' देतं. नावातच आहे, नुकसानभरपाई. छोट्या परिषदांचे पगार मुख्यतः यावर होतात. आता गंमत बघा. पथदिव्यांचं आणि पाण्याच्या मोटारींचं वीजबिल थकलं की ती रक्कम वरच्या वरच या क्षतिपूर्तीतून कापली जाते. म्हणजे आम्ही महिन्याच्या सुरुवातीला बसून असायचो की या वेळी किती कापून येतंय. दैनिक वेतनावरचा सफाई कामगार खिडकीशी उभा, "बाबूजी, आज होगी क्या?" आणि माझ्या हातात उत्तर नाही. त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. पहाटे पाचला नालीत उतरणारा माणूस, त्याचा पगार कधी होईल हे त्याच्या परिषदेलाच ठाऊक नसायचं.

वित्त आयोगाचा पैसा येतो, पण बांधलेला. १५ व्या वित्त आयोगात दहा लाखांखालच्या शहरांचं ६० टक्के अनुदान पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेलं होतं. ते चूक नाही, पण गावात स्मशानाची शेड पडली असेल तर त्या पैशातून पत्रा घालता येत नाही.

उरला स्वतःचा कर. संपत्तिकर आपल्याकडे स्वनिर्धारणाने (मालकानेच हिशेब करून) भरतात, मालक स्वतः राहत असेल तर निम्मी सूट. आमच्याकडे मागणी रजिस्टरात दुमजली घराच्या जागी वर्षानुवर्षं 'कवेलू, दो कमरे' लिहिलेलं असायचं. मार्चमध्ये वसुलीला गेलो की त्याच दुमजली घरात चहा मिळायचा, साखर जास्त. दुरुस्ती करायला गेलो तर संध्याकाळी कुणाचा तरी फोन. गावात सगळे एकमेकांचे काका-मामा. ज्याच्याकडून मत घ्यायचं त्याच्याकडून कर कसा घ्यायचा, हे छोट्या परिषदेचं खरं दुखणं आहे. मोठ्या शहरात वसुली करणारा अनोळखी असतो, त्याला ते सोपं जातं.

तुळसताई, तुम्ही कर वेळेवर भरता हे तुमचं फार मोठं बळ आहे. ते सोडू नका.

पोहे_जिरावन | ५ जून, सकाळी ८:३०

काका, तुमची पोस्ट दोनदा वाचली. खिडकीशी उभ्या माणसाचं वाचून नाश्ता थांबला. आणि पोहे थांबणं माझ्या घरी मोठी घटना आहे.

महूकर | ५ जून, सकाळी ११:१५

आमची तऱ्हा वेगळी. महूला छावणी परिषद, २००६ चा छावणी कायदा. अध्यक्ष लष्कराचे स्टेशन कमांडर असतात, लोकांनी निवडलेल्यांपैकी एक उपाध्यक्ष होतो. रस्ते शिस्तीचे, झाडं जुनी आणि जपलेली. पण घराला खोली वाढवायची तर जमीन कुणाची, 'ओल्ड ग्रँट' (जुन्या लष्करी सनदेवर दिलेली सरकारी जमीन) आहे का, इथून सुरुवात. इंदूर जिल्ह्यातच बघा: निगम, छावणी, राऊ-बेटमा-देपालपूर-सांवेरसारख्या नगर परिषदा आणि पंचायती. चार तऱ्हेची सरकारं, एकाच पावसात भिजणारी.

बडोदेकर | ५ जून, दुपारी १२:००

बडोद्यात १९ वॉर्ड आणि प्रत्येकातून चार नगरसेवक, एकूण ७६. चौघांपैकी कुणाला धरायचं हे ठरवता ठरवता पावसाळा जातो. तुमच्याकडे एका वॉर्डाचा एक पार्षद आहे, हे भाग्य समजा.

वॉर्ड_सात | ५ जून, रात्री ११:३०

बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते, कारण मी एका नगर परिषदेत पाच वर्षं पार्षद होते. वॉर्ड कोणता ते नावावरून कळेल, गाव सांगत नाही.

महिला आरक्षित वॉर्ड होता. आपल्या राज्यात निम्म्या जागा महिलांना आहेत. घरून उभं केलं, निवडून आले. पहिल्या बैठकीला माझे मिस्टर सोबत निघाले. मी दारात म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा, मी बोलावलं तर या." त्यांनी ते मानलं, म्हणून मी पुढचं सगळं शिकले. पोहेभियांसारखी मुलं 'पार्षद पती' म्हणून विनोद करतात, ते मला टोचत नाहीत. पण त्या खुर्चीच्या मागे उभ्या असलेल्या बाईला कुणी अजेंडा वाचून दाखवलाय का, हेही विचारत जा.

पार्षदाच्या हातात काय असतं ते सांगते. एकट्या पार्षदाला एक दिवाही बदलण्याचा हुकूम देता येत नाही. काम करतो सीएमओ, तो राज्याचा अधिकारी, त्याची बदली भोपाळहून. परिषदेच्या आत अध्यक्षांची पीआयसी (प्रेसिडेंट-इन-कौन्सिल, अध्यक्ष आणि निवडक पार्षदांची समिती) असते, खर्चाचे बरेच निर्णय तिथे होतात. पीआयसीत नसलेल्या पार्षदाला बरंच काही नंतर कळतं. माझ्या वॉर्डात एका गल्लीत बारा दिवस अंधार होता. दिवे भांडारात आहेत, मी स्वतः कपाट उघडून बघितले. शिडीची गाडी आहे. चालकाचा ठेका संपलाय. नव्या ठेक्याची फाइल लेखा शाखेत, तिथून उपयंत्री (कनिष्ठ अभियंता), तिथून परत. मी रोज अकरा वाजता जाऊन त्या फाइलीच्या टेबलाशी बसायचे, विणकाम घेऊन. भांडले नाही. फाइल सरकली की मी पुढच्या टेबलाशी. चौथ्या दिवशी चालक आला. त्या रात्री गल्लीतल्या एका मुलीने मला हात धरून नेलं आणि म्हणाली, "आंटी, अब ट्यूशन से अकेली आ सकती हूँ." पाच वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं मानपत्र ते.

म्हणून ताई, विचारताना "करता की नाही?" असं विचारू नका. "फाइल कोणत्या टेबलावर आहे?" असं विचारा.

आणि हो, बैठकीचा अजेंडा आधी निघतो. तुमच्या पार्षदाला सांगा, कॉलनीचा विषय लेखी द्या. लेखी आला तर कार्यवृत्तात नोंद होते. तोंडी बोललेलं चहाबरोबर संपतं.

पुण्याची_लेक | ६ जून, सकाळी ७:००

वॉर्ड सात ताई, विणकामाचा स्वेटर पूर्ण झाला का?

वॉर्ड_सात | ६ जून, सकाळी ७:२०

झाला. त्या चालकाच्या मुलालाच दिला.

ग्वाल्हेरचा_नातू | ६ जून, सकाळी ९:५०

कामं झाली नाहीत तर लोकांच्या हातात काय, यावर कुणी लिहिलं नाही. आपल्या राज्यात अध्यक्षाला परत बोलावण्याची तरतूद १९६१ च्या कायद्यात आहे. तीन चतुर्थांश पार्षदांनी मागणी करायची, मग लोकांचं गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: खाली कुर्सी आणि भरी कुर्सी. पण ही तरतूद थेट जनतेतून निवडलेल्या अध्यक्षासाठी. २०२२ मध्ये महापौर थेट निवडले गेले आणि नगर परिषदांचे अध्यक्ष पार्षदांनी निवडले, त्यामुळे तिथे ती खुर्ची लोकांच्या हातून निसटली.

त्याहून मोठी गोष्ट, निवडणूकच वेळेवर झाली नाही. २०२० च्या सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी मुदत संपली होती. घटना म्हणते पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक. झाली सुप्रीम कोर्टाच्या मे २०२२ च्या आदेशानंतर, जुलै २०२२ मध्ये. दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. लोकसभेची निवडणूक दोन वर्षं लांबली असती तर देश रस्त्यावर आला असता. नगरपालिकांची लांबली तर बातमी आतल्या पानावर.

सुपर_कॉरिडॉर | ६ जून, दुपारी १:००

सगळ्यांचं मान्य, पण लोकांचंही बोला. अर्ध्या नाल्यांवर लोकांनीच ओटे आणि गाडीचे रॅम्प बांधलेत. सफाईवाला झाडू घालणार कुठे?

अंगणातली_तुळस | ६ जून, दुपारी ३:४०

खरं आहे. काल संध्याकाळी ओळीतल्या सगळ्या घरांपुढून चालत गेले. अकरा घरांपैकी सात घरांनी नालीवर फरशी टाकलीय, त्यात आमचं एक. आमची फरशी उद्या काढतोय, बाकीच्यांशी यांनी बोलायचं ठरलंय.

कायदेकानू, कॉलनीची परवानगी २००७ ची आहे. कागद सापडला.

कायदेकानू | ६ जून, रात्री ८:१५

उत्तम. मग हा तो दुसरा कागद. त्या काळच्या नियमांत कॉलोनाइजरला परवानगी देताना २५ टक्के प्लॉट परिषदेकडे बंधक (गहाण) ठेवावे लागत. रस्ते, नाल्या, पाणी, दिवे पूर्ण केले की टप्प्याटप्प्याने प्लॉट सुटतात. काम अर्धवट टाकून तो निघून गेला तर हे बंधक प्लॉट विकून उरलेलं काम पूर्ण करायचं, यासाठीच ती तजवीज. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं, म्हणून कुणी विचारत नाही.

माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून फक्त चार गोष्टी मागा: एक, कॉलनीतले एकूण आणि बंधक प्लॉट किती. दोन, त्यातले किती, कोणत्या तारखेला, कोणत्या अहवालावर सोडले. तीन, पूर्णता प्रमाणपत्र दिलं आहे का. चार, दिलं नसेल तर अपूर्ण कामाचं अंदाजपत्रक केलं आहे का. "का केलं नाही?" असं विचारायचं नाही, कागद मागायचा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

पोहे_जिरावन | ७ जून, सकाळी ९:००

मध्येच एक शंका. बाराव्या अनुसूचीत खरंच कोंडवाडा आहे?

जुना_रामबाग | ७ जून, सकाळी ९:४०

आहे रे बाबा, आपण कांजीहौस म्हणायचो. आमच्या लहानपणी शेजाऱ्यांची गाय आठवड्यातून एकदा तिथे जायची आणि आम्ही पोरं सोडवायला. दंड भरून परत येताना ती वाटेत पुन्हा कुणाची तरी भाजी खायची. अग्निशमनही आहे त्या यादीत, पण आपल्या इंदूरची दमकल वर्षानुवर्षं पोलीस खात्याकडे होती. यादीत नाव असणं आणि हातात सूत्रं असणं यातला फरक तिथेच कळतो.

अंगणातली_तुळस | ६ जुलै, रात्री ९:३०

महिना झाला. सविस्तर लिहिते.

माहितीच्या अधिकाराचं उत्तर २६ व्या दिवशी आलं. कॉलनीत १४८ प्लॉट. बंधक ३७. त्यातले २९ टप्प्याटप्प्याने सुटलेले. आठ अजून परिषदेकडे बंधक आहेत. पूर्णता प्रमाणपत्र दिलेलं नाही. अपूर्ण कामाचं अंदाजपत्रक "उपलब्ध नाही". तो कागद हातात घेऊन मी खुर्चीत बसले आणि मला रडू आलं. बारा-तेरा वर्षं आम्ही समजत होतो की आमचं कुणीच नाही, आणि आमच्या नालीचे पैसे आठ प्लॉटांच्या रूपाने परिषदेच्या कपाटात पडून होते.

वॉर्ड सात ताईंनी सांगितलं तसं पार्षदाला लेखी विषय दिला. तो तरुण मुलगा आहे. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "काकी, मुझे भी नहीं पता था." बैठकीत विषय आला, कार्यवृत्ताची प्रत आणली. मंगळवारी उपयंत्री टेप घेऊन आले. मी आणि शेजारच्या नातवाने आधीच मोजून ठेवलं होतं: नाली जिथे संपते तिथपासून पुढच्या नाल्यापर्यंत २१० मीटर. त्यांच्या टेपने २०८ भरले. उताराचं त्यांनी लेव्हल लावून बघितलं आणि म्हणाले, आहे ती नालीही चौथ्या घरापाशी उलट्या उताराची आहे, ती फोडून करावी लागेल. एवढी वर्षं आम्ही झाडूने पाणी पुढे ढकलत होतो, ते चढावर.

सातपैकी पाच घरांनी फरशा काढल्या. दोघांचं अजून चाललंय.

विलीनीकरणाचा अर्ज तूर्त केलेला नाही. तळ्याकाठींचं लिंबाखालचं वाचल्यापासून यांच्या डोक्यात वेगळंच आलंय: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पार्षदाला ओळीत बोलवायचं, सतरंजी आमच्या अंगणात. पहिली सभा झाली, एकोणीस जण आले. चहा मी केला, प्रश्न सगळ्यांनी विचारले.

या पावसाळ्यात पाणी येणारच आहे. देवघराचा खालचा खण रिकामा करून ठेवलाय.

रोकडवही काका, आठ प्लॉट विकून काम करा असं पत्र द्यायचंय. मजकूर कसा लिहू?

रोकडवही | ६ जुलै, रात्री १०:२०

मजकूर उद्या पाठवतो. पण आधी अंदाजपत्रक होऊ द्या आणि त्याला तांत्रिक मंजुरी मिळाली का ते बघा, नाहीतर पत्र पुढे सरकणार नाही. आणि प्लॉटांची किंमत आजच्या कलेक्टर गाइडलाइनने (जमिनीच्या सरकारी दराने) धरायला सांगा, २००७ च्या नको. पैसा वेगळ्या खात्यात, फक्त तुमच्या कॉलनीच्या कामाला, असं ठरावात शब्दशः लिहून घ्या. मी त्या रजिस्टरावर आयुष्य काढलंय. एका खात्यात पडलेला पैसा पगाराच्या आठवड्यात कुठे जातो ते मला ठाऊक आहे.

वॉर्ड_सात | ६ जुलै, रात्री १०:५०

अंदाजपत्रकाची फाइल आत्ता उपयंत्र्यांच्या टेबलावर असेल. सोमवारी अकराला जा. लोकर घेऊन जा.

अंगणातली_तुळस | ६ जुलै, रात्री ११:०५

मला विणता येत नाही. पोथीची नवी प्रत हाताने उतरवायला घेतलीय, ती वही नेते.